काचेच्या कपाटातली कूसपट्टी

मावशीला माझ्यापासून एकच गोष्ट मिळायची होती: स्वतःची पाठ. बंगला नाही, गाडी नाही, पेपरात फोटो तर नाहीच नाही. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की मणक्यातली गादी सरकली आहे, माणसं उचलायचं काम फार तर दोन वर्षं जमेल, त्यापुढे रेटलंत तर बसल्यावर उठायला दुसरा माणूस लागेल. माझ्यावर तिच्या नावाचा हक्क लागला असता, तर मला बनवणाऱ्या कारखान्याला नगामागे तिला काहीतरी द्यावं लागलं असतं, आणि ती दोन वर्षं सरायच्या आत तिने उचलणं सोडलं असतं. सौदा एवढाच होता. दोन्ही बाजूंनी सरळ.

मित्रांनो, मी जुनी कूसपट्टी. माझं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार, कारण बाजारात मला वेगळ्याच नावाने विकतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलण्याचं मी साधन. दोन लाकडी रूळ, त्यांच्यामध्ये जाड कापड. एक रूळ खाटेच्या कडेला बसतो, दुसरा समोरच्या बाजूला हातभर उंच घोडीवर. उंच रुळाला दांडा, दातेरी चाक आणि ते मागे फिरू नये म्हणून खटका. दांडा फिरवला की कापड गुंडाळलं जातं आणि त्यावरचा माणूस अलगद कुशीवर वळतो. ज्या कामाला दोन धडधाकट बायका लागतात, ते एक बाई एका हाताने करते.

मावशी इस्पितळात आया होती. तिथे सगळेच तिला मावशी म्हणत. तिच्याहून वयाने मोठे डॉक्टरसुद्धा. नातं फुकट मिळालं की पगार वाढवून द्यावा लागत नाही. दिवसभर परक्यांना कुशीवर वळवून ती घरी यायची तर तिथे सासू आडवी. नवरा गाडीवर, चार-चार दिवस बाहेर. घरात मदतीला फक्त दीर, तो सुतार. एकदा सासूला वळवताना मावशी अर्ध्यातच वाकून राहिली. धड वर येईना, धड खाली जाईना. दीराने तिला सरळ केलं आणि त्याच संध्याकाळी रंधा घेऊन बसला. मी जन्मले तो हाच दिवस. कापड मावशीच्या जुन्या पडद्याचं, घोडी मोडक्या स्टुलाची, चाक कुठल्याशा पंपातलं.

पहिल्या दिवशी मी सपशेल नापास झाले. खांदा आणि कंबर एकदम उचलली, आणि सासू कळवळली. दीर म्हणाला, वहिनी, याला लोणी लावलं तरी जमायचं नाही. मावशीने मला सोडवलं, कापड जमिनीवर पसरलं आणि खांद्याकडचा भाग तिरका कापून पुन्हा शिवला. त्याने खांदा आधी वळायला लागला, कंबर मागून. झोपेत माणूस आपण होऊन वळतो ना, तसा. सगळं इंगित त्या तिरक्या कापात होतं. ते तिला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. वीस वर्षं माणसं वळवून तिच्या हातांना ठाऊक झालं होतं.

तीन वर्षं मी त्या खोलीत काम केलं. सासू जिभेने तिखट. "आज खिडकीकडे ठेव गं, भिंत पाठ झाली मला," असं म्हणायची, आणि मी तिला खिडकीकडे वळवायची. ती गेली तेव्हा तपासायला आलेले डॉक्टर बराच वेळ तिची पाठ पाहत राहिले. तीन वर्षं अंथरुणात आणि अंगावर एक व्रण नाही, हे कसं केलंत, असं त्यांनी विचारलं. मावशीने माझ्याकडे बोट दाखवलं नाही. म्हणाली, काळजी घेतली.

डॉक्टरांनी त्याच वेळी तिचीही पाठ पाहिली आणि ते दोन वर्षांचं बोलले. मग मला चादरीत बांधून मावशी बायकांच्या साहाय्य केंद्रात गेली. धंदा काढणाऱ्या, काही नवं शोधणाऱ्या बायकांना मदत करायची म्हणून ते केंद्र उघडलेलं. तिसरा मजला, थंडगार खोली, भिंतीवर हसऱ्या बायकांचे फोटो. तिथे दर मंगळवारी आणि शुक्रवारी एक वकीलबाई यायची. शोधांचे हक्क नोंदवून देणं हे तिचं काम, आणि केंद्रात ते ती बिनपैशांनी करायची. तिने मला उलटंसुलटं करून पाहिलं, तिरक्या कापावरून दोनदा बोट फिरवलं आणि दार लावून घेतलं. हुशार बाई होती, मी तिचं श्रेय बुडवणार नाही.

तिने पहिला प्रश्न विचारला की हे घराबाहेर कुणी पाहिलंय का. मावशी म्हणाली, सासू आणि दीर. त्यातली एक सांगायला येणार नाही आणि दुसऱ्याचं कुणी ऐकत नाही. वकीलबाई हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "अर्ज दाखल होईपर्यंत हे कुणालाही दाखवायचं नाही. एकदा चारचौघांत दिसलं की ते नवं राहत नाही, आणि नवं नसेल तर हक्क मिळत नाही. माझ्या सख्ख्या आईने मागितलं तरी नाही."

मावशीने ते वाक्य गाठीला बांधलं. शेजारणीचे वडील आजारी पडले. शेजारणीला भिंतीपलीकडून माझ्या खटक्याचा आवाज तीन वर्षं ऐकू आलेला. ती म्हणाली, ते तुमचं काय असेल ते आठवडाभर द्या. मावशीने मला दिलं नाही. त्याऐवजी ती स्वतः रोज दोन वेळा जाऊन त्या म्हाताऱ्याला हातांनी वळवून यायची. बरोबर आठवडाभर. परत आली की भिंतीला पाठ टेकून उभी राहायची, बसायची नाही. मी खाटेखाली पडून ते बघायची. माझं गुपित राखायची किंमत तेव्हापासूनच तिच्या पाठीतून जायला लागली होती.

वकीलबाईने अर्ज दहा दिवसांत तयार केला. माझी चित्रं तर इतकी रेखीव काढली की मला स्वतःची ओळख पटेना. राहिलं होतं सरकारी शुल्क. ते केंद्र देणार होतं, मंजुरीही झाली होती. पण केंद्राची एक रीत होती: मंजूर झालेली मदत टेबलावरून द्यायची नाही, व्यासपीठावरून द्यायची. वार्षिक समारंभ सात आठवड्यांवर. तोवर अर्ज वकीलबाईच्या खणात.

दीर म्हणाला, वहिनी, मीच भरतो, कपाटाच्या कामाचे आलेत. मावशीने केंद्रात विचारलं, तर कळलं की शुल्क स्वतः भरलंत तर तुम्ही गरजू राहत नाही, आणि गरजू नसाल तर वकीलबाईची मदतही बंद. म्हणजे मदत हवी तर थांबा, आणि घाई असेल तर मदत नाही. मावशी थांबली. अंग चोरून काम करण्याचा तिचा स्वभाव नव्हता. ते सात आठवडेही ती उचलत राहिली.

समारंभाचा दिवस उजाडला. इस्पितळाच्या खाटा बनवणारी एक कंपनी खर्च उचलत होती, तिचे साहेब पहिल्या रांगेत. केंद्राच्या संचालिका मॅडम नीटनेटक्या, गोड बोलणाऱ्या, वर्षभर राबणाऱ्या. वाईट हेतू त्यांच्या मनाला शिवलाही नसेल. त्यांना एवढंच वाटलं की नुसता कागदाचा चेक हातात दिला तर लोकांना काय दिसणार? म्हणून त्यांनी मावशीला मला घेऊन यायला सांगितलं होतं. मावशीला वाटलं, कागदपत्रांसाठी असेल. व्यासपीठाच्या बाजूला पोचल्यावर कळलं की प्रात्यक्षिक करायचंय.

तिने वकीलबाईला गाठलं. म्हणाली, बाई, तुम्हीच म्हणाला होतात दाखवायचं नाही. वकीलबाईचा चेहरा उतरला. ती तडक मॅडमकडे गेली. मी पडद्यामागे टेकून उभी होते, मला सगळं ऐकू आलं. मॅडम म्हणाल्या, अहो, चेक आज मिळतोय, अर्ज आठ दिवसांत भराल, आठ दिवसांत काय आभाळ कोसळतंय? साहेब खास हेच बघायला आलेत. आणि यानंतर लगेच तुमचाच सत्कार आहे, सर्वोत्कृष्ट मार्गदर्शक म्हणून, तेव्हा जरा पुढे येऊन बसा.

वकीलबाई परत आली. मावशी तिच्या तोंडाकडे बघत होती.

"चालेल," वकीलबाई म्हणाली. "थोडक्यात दाखवा."

टेबलावर केंद्राच्या शिपायाला निजवलं. त्याने डोळे मिटून आजाऱ्याचं सोंग इतकं झकास वठवलं की लोक हसायला लागले. मावशीने दांडा फिरवला. शिपाई अलगद कुशीवर वळला. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतले साहेब उठून आले आणि म्हणाले, जरा उजेडात धरता का, ही शिवण तिरकी का आहे? कौतुकाची सवय नसलेल्या माणसाला कुणी आपल्या कामाबद्दल विचारलं की तो जीव ओतून सांगतो. मावशीनेही सांगितलं. खांदा आधी, कंबर मागून. साहेबांनी चार फोटो काढले. खरं सांगते मित्रांनो, त्या दिवशी मीही फुगले होते. पडद्याच्या कापडाला एवढा उजेड कधी मिळालेला नव्हता.

शिवाय खुर्च्यांवर एक स्मरणिका ठेवलेली होती. तिच्या एकोणिसाव्या पानावर माझं चित्र, वकीलबाईच्याच हातचं, मापांसकट. मॅडमच्या कचेरीने ते अर्जाच्या फायलीतून काढून छापायला दिलं होतं. चांगलं चित्र वाया का घालवा?

आठव्या दिवशी अर्ज भरला गेला. बैल गेला आणि झोपा केला. मला मात्र त्यातलं काही कळत नव्हतं. निकाल लागेपर्यंत राहू दे म्हणून मला केंद्राच्या काचेच्या कपाटात ठेवलं आणि खाली पाटी लावली: यशोगाथा क्रमांक बारा. पाहुणे आले की मॅडम त्यांना माझ्यासमोर उभं करत. कपाटावर दिवा होता. पहिले सहा महिने तो लागायचा.

दीड वर्षाने आक्षेप आला. कंपनीचा. हा शोध अर्जाच्या आधीच जाहीर झालेला आहे, सबब तो नवा नाही. पुराव्यादाखल जोडलेलं होतं केंद्राच्या स्मरणिकेचं पान एकोणीस. परक्याने चोरून आणलेला कागद नव्हता तो, आमच्याच हाताने छापून खुर्चीवर ठेवलेला. वकीलबाई जीव तोडून भांडली. अर्ज फेटाळला गेला. मावशीच्या हाती आला निकालाचा कागद, आयत्या बिळात शिरली कंपनी.

कंपनीने मला पोलादाची केली, आकाशी रंग दिला, दांड्याला रबर लावलं. मावशीच्याच इस्पितळाने तसल्या सहा घेतल्या. शिकवायला कंपनीचा माणूस आला आणि सगळ्या आयांना ओळीने उभं केलं. ही गोष्ट मावशीने पुढे वकीलबाईला माझ्या कपाटासमोरच सांगितली, म्हणून मला ठाऊक. तो माणूस खटका न लावताच दांडा फिरवायला लागला. मावशी म्हणाली, साहेब, आधी खटका लावा, नाहीतर पेशंट घरंगळेल. तो म्हणाला, मावशी, तुम्ही फार लवकर शिकता. बाकीच्या आया तोंडाला पदर लावून हसल्या. एकीने विचारलं, काय गं, हे तुझंच ना? मावशी म्हणाली, होतं.

साधन आलं, तशा दोघींच्या कामाला एक पुरे झाली. चार आयांच्या दोन करायच्या ठरल्या. आधी कुणाला काढायचं, यावर फार विचार करावा लागला नाही. पाठीचा दाखला एकीच्याच फायलीत होता.

त्यानंतर ती केंद्रात आली ती कागद परत न्यायला. वकीलबाई टेबलामागून उठून उभी राहिली. मावशीला बसा म्हणाली. मावशी बसली नाही. बसली असती तर उठायला हात द्यावा लागला असता, आणि तो हात तिला नको होता.

"त्या दिवशी तुम्ही चालेल म्हणालात," मावशी म्हणाली. "चालत होतं का?"

"नाही."

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"मग?"

वकीलबाईला खोटं बोलायला जागा भरपूर होती, कायद्याची भाषाही तिच्या ओळखीची. पण ती म्हणाली, "पुढचं नाव माझं होतं."

मावशीने कागदांची घडी केली आणि पिशवीत घातली. "हे त्या दिवशी बोलला असतात," ती म्हणाली, "तर मीच तुमच्यासाठी टाळ्या वाजवल्या असत्या." आणि जिना उतरायला लागली. लिफ्ट बंद होती. एकेका पायरीवर थांबलेलं मला ऐकू येत होतं.

वकीलबाई अजून मंगळवारी आणि शुक्रवारी येते. आता अर्ज भरल्याची पावती पाहिल्याशिवाय ती कुठल्याही बाईला केंद्राच्या दारातून वस्तू आत आणू देत नाही, व्यासपीठ तर दूरच. मॅडमशी दोनदा कडाक्याचं वाजलं. मानचिन्ह तिने कुठे ठेवलं ते मला माहीत नाही. ती शहाणी झाली, हे खरं. त्या शिकवणीची फी कुणी भरली, हे मी सांगायला नको.

माझं म्हणाल तर दिवा कधीच गेला. कापडाला कसर लागली आहे, आणि लागली तीही नेमकी तिरक्या शिवणीला. पाटी मात्र पुसतात. मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. कुणी वकील होईल, कुणी एखादं केंद्र चालवेल, आणि तुमच्या समोर कुणीतरी बाई चादरीत काहीतरी बांधून आणेल. तिला मानाने खुर्ची द्या, पण व्यासपीठ देण्याआधी तिचं काम उरकून द्या. आणि एखादी गोष्ट चालणार नाही हे ठाऊक असेल, तर चालणार नाही असं म्हणा. दुसऱ्याचं राखायची जबाबदारी ज्यांच्यावर असते त्यांना वस्तूंपेक्षा शब्दच जास्त राखावे लागतात.

आता कुणाच्या पदरात काय पडलं ते मांडते. कंपनीला माल मिळाला. मॅडमना बारावी यशोगाथा मिळाली. वकीलबाईला मानचिन्ह, आणि उशिरा का होईना, अक्कल. शिपायालासुद्धा त्या दिवशी टाळ्या मिळाल्या. मला कपाट मिळालं. भरणारी एकटी मावशी, आणि तिचं भरणं अजून संपलेलं नाही. रोज सकाळी अंथरुणात कुशीवर वळायला तिला पाऊण तास लागतो, असं परवा केंद्रात आलेला दीर वकीलबाईला सांगत होता, आणि तो हात द्यायला गेला की ती म्हणते, राहू दे भाऊजी, मला येतं.