खासगी खड्डा

सन छत्तीसच्या दिवाळीच्या सुट्टीत, देवळालीहून शिकवणी आटोपून नाशकात परत येताना, ढुंढिराज मास्तर नीलकंठ आळीतल्या खड्ड्यात पडले. म्युनिसिपालिटीनं गटारासाठी खणून तसाच टाकलेला खड्डा, कंबरेइतका खोल. मागून येणाऱ्या शौकत टांगेवाल्यानं उडी टाकून हात पुढे केला.

"या वर, मास्तर."

मास्तरांनी हात आखडता घेतला. "शौकतमियां, मी असा निमूट वर आलो, तर मास्तर पडले, मास्तर उठले, विषय मिटला. ज्यांनी खणलाय त्यांनीच मला काढलं पाहिजे."

आळीतून निवडून आलेले सभासद वेणीमाधवपंत उपरणं सावरत आले. "माणसानं बघून चालावं," ते काठावरून म्हणाले. "म्युनिसिपालिटीनं काय तुमचे डोळे उघडायचे?"

"मतं मागायला आलात तेव्हा हाच खड्डा बुजवतो म्हणाला होतात!"

"खड्डा सार्वजनिक आहे, मान्य. पडणं तुमचं खासगी."

झालं. मास्तर इरेला पेटले आणि तिथेच मांडी ठोकून बसले. त्यांच्या बायको अनसूयाबाई दोन वेळा डबा पोचवू लागल्या. कुणाची चाहूल लागली की मास्तर आतून ओरडत, "डावीकडून! जपून!" त्यामुळे सबंध आठवड्यात कुणाला साधी ठेचसुद्धा लागली नाही.

मग शिपाई ठराव घेऊन आला. खड्ड्यात हल्ली कोणी पडत नसल्यामुळे तो बुजवण्याची निकड उरलेली नाही. सबब मास्तरांचे आभार मानून त्यांना एक कंदील मंजूर करण्यात येत आहे.

मास्तरांना रडूच कोसळायचं बाकी राहिलं. वर यावं, तर पडणाऱ्याचं पाप आपल्या माथी. बसून राहावं, तर खड्डा जन्मभर असाच.

अनसूयाबाईंनी डबा काठावर ठेवला आणि लुगड्याचा घोळ आवरला. "सरका जरा."

"अगं, तू कुठे येतेस?"

"एकटा माणूस बसला की खासगी होतं ना? मग दोघं बसू."

त्यांचं पाहून समोरच्या हमीदाबी उतरल्या, मग शौकत, मग भाजीवाल्या बायडाबाई टोपलीसकट. दुपारपर्यंत आत मुंगीला शिरायला जागा उरली नाही. वेणीमाधवपंत धावत आले, ती दाटी पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"लिही," ते शिपायाला म्हणाले, "खड्डा भरला."

मग अनसूयाबाई फिसकन हसल्या आणि त्यांच्यामागोमाग अख्खा खड्डा हसू लागला. मास्तर तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि शौकतच्या खांद्याचा आधार घेऊन वर आले. संध्याकाळी टांग्यातून दगड-मुरूम आणून आळीनंच खड्डा बुजवला. मास्तर पाट्या टाकत होते आणि प्रत्येक पाटीला कुरकुरत होते, "हे काम आपलं नव्हे."

"टाका तरी," अनसूयाबाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात मास्तरांनी म्युनिसिपालिटीकडे तक्रार गुदरली, की तुमचं काम आम्हाला करावं लागलं. उत्तर आलं: प्रत्यक्ष पाहणीत सदर ठिकाणी खड्डा आढळला नाही. सबब आपण त्यात पडला होता, हे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही.

मास्तरांनी कागद चुरगाळला. "बस्स! येत्या निवडणुकीत पंतांच्या विरोधात मीच उभा राहतो."

"राहाच उभे," अनसूयाबाई म्हणाल्या. "बसून पुष्कळ झालं."