साबिराच्या पाठीवरच्या टिकल्या

रोह्याहून गाडी निघाल्यापासून शरीफ स्वस्थ नव्हता. तसा तो कधीच स्वस्थ नसतो. दुकानात गिऱ्हाईक खिळे निवडेपर्यंत हा गल्ल्यापासून दारापर्यंत दोन खेपा घालून येतो. पण आजची तगमग वेगळी होती. एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा सारखा पोटाच्या उजव्या अंगाला. तिथे आत असलेली किडनी साबिराची. बारा वर्षांपूर्वी तिने ती त्याला, आपल्या नवऱ्याला दिली आणि महिनाभरात भाकऱ्या थापायला बसली. आता तिच्या उरलेल्या एकुलत्या एक किडनीवर कॅन्सरची गाठ निघाली होती.

ही गेली की साबिरा डायलिसिसवर. ते काय असतं, हे शरीफने स्वतः भोगलं होतं. म्हणून पनवेलपुढच्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, की बारीक छिद्रांतून नुसती गाठ काढू, किडनी ठेवू, तेव्हा त्याने त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. डॉक्टर एक चष्मा घालणार होते. त्यातून बघितलं की आतली किडनी, गाठ, रक्तवाहिन्या यांचं चित्र थेट साबिराच्या अंगावर उमटणार. हे चित्र अंगाशी बरोबर जुळावं म्हणून काल पेणच्या सेंटरमध्ये स्कॅन करताना तिच्या कुशीला आणि पाठीला बटणाएवढ्या गोल पट्ट्या चिकटवल्या होत्या. जन्मात टिकली न लावलेल्या साबिराच्या पाठीवर टिकल्याच टिकल्या. त्या काढायच्या नाहीत, असं बजावलं होतं. ऑपरेशन उद्या होतं; ते यंत्र आणि ते चालवणारी माणसं फक्त उद्यापुरती हॉस्पिटलात येणार होती. उद्याचं चुकलं की पुढचा महिना.

नागोठणं मागे पडलं. शेजारी बसलेली साबिरा जरा वळली तशी एक टिकली तिच्या मांडीवर पडली. तिने ती शांतपणे उचलली आणि कुर्त्याखाली हात घालून पुन्हा दाबून बसवली.

शरीफने गाडी कडेला घेतली. "काय केलंस गो?"

"पडली. लावली."

"जागा कशी कळली?"

साबिरा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सकाळी डोक्यावरनं पानी घेऊन गुसल केलं. पट्टी ऱ्हायली तर पानी कातडीला लागत नाय, अंग पाक व्हत नाय. उद्या टेबलावरच गेले तर? म्हनून सगळ्या काढल्या. वळ दिसले तिथं परत चिकटवल्या, आरशात बघून."

"कुनाला विचारायचं तरी."

"कुनाला? तुमीच म्हनलात, कुनाला कळता नये."

हे खरं होतं. मोहल्ल्यात आणि परदेशात, दोह्याला असलेल्या अर्शदलासुद्धा, पोटच्या पोराला, त्याने मुतखडाच सांगितला होता. का, तर लोक म्हणतील, बायकोची चांगली किडनी स्वतः घेतली आणि तिला ही गाठीची ठेवली. असं कोणी म्हणालं नव्हतं. शरीफच महिनाभर स्वतःला तसं म्हणत होता.

"तिथं सांगायचं नाय," साबिरा म्हणाली. "तारीख जाईल. जवळपास त्याच जागी हायत."

त्याने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली आणि वडखळपर्यंत मनात तेच घोळवत राहिला. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. सांगावं तर तारीख जाईल आणि गाठ वाढेल. न सांगावं तर चित्र सरकेल आणि डॉक्टरांचं हत्यार भलतीकडे जाईल. ट्रकांच्या रांगेत त्याने उगीचच दोनदा हॉर्न वाजवला.

"माझ्या ऑपरेशनच्या सकाळी मी चोरून खजूर खाल्ला, तर तू डॉक्टरला सांगून मोकळी झालीस," तो म्हणाला. "एक दिवस पुढं गेलं. तवा तुला तारखेची पडली नव्हती."

"तवा जीव तुमचा व्हता."

पेण आलं तसं त्याने न विचारता गाडी सेंटरकडे वळवली.

स्कॅन करणाऱ्या सावनीला त्याने गुसल, आरसा, सगळं सांगितलं. ती रागावली नाही, हॉस्पिटलला फोन लावत आत गेली. शरीफ व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिला. दुसऱ्या पेशंटबरोबर आलेली म्हातारी त्याला बस म्हणाली, तेही त्याला ऐकू आलं नाही.

सावनी परत आली. "तारीख उद्याचीच आहे. पुन्हा स्कॅन करू, पण रक्तवाहिन्या उठून दिसायला काल टोचलं ते औषध आज टोचायचं नाही. एकाच किडनीला लागोपाठ सोसणार नाही. हॉस्पिटलवाले कालचं चित्र आजच्या टिकल्यांवर बसवतील."

स्कॅन झाल्यावर तिने पडद्यावर कालची खूण दाखवली आणि साबिराने लावलेली टिकली कुठे होती तेही. मध्ये अंगठाभर अंतर होतं. साबिराने ते बघितलं आणि नजर खाली घातली.

"काकी, आता अंघोळ नाही हं."

"मग उद्या गुसल कसं करू, नमाज कशी पढू?" साबिराने शरीफकडे बघून विचारलं.

शरीफने फोन काढला आणि रोह्याच्या मौलानांना लावला. व्हरांडा माणसांनी भरलेला होता.

"मौलाना, गुसलचा एक मसला विचारायचाय. साबिराच्या अंगावर डॉक्टरनं पट्ट्या लावल्यात, काढता येत नायत. नाय, मुतखडा नाय. कॅन्सर हाय. तिच्याकडं एकच किडनी हाय, आनि तिची दुसरी माझ्यात हाय."

म्हातारीने मान वर केली. शरीफ पलीकडचं ऐकत राहिला आणि फोनवर हात ठेवून म्हणाला, "पट्टीवरनं ओला हात फिरवला तरी चालतं म्हनतात."

"एवढंच?"

"एवढंच. आनि विचारतायत, आज सांजेच्या मगरिबला सगळ्यांनी मिळून दुआ करायची काय, तुझं नाव घेऊन."

साबिरा ओढणीचं टोक चाचपत राहिली. मग "घेऊ द्या नाव," म्हणाली आणि महिनाभरात पहिल्यांदा रडली. शरीफ तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला, आणि बसून राहिला.