खाली उतरताना

मावशींनी डबा मुकादमाच्या टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं.

"बघा. हातसुद्धा लावलेला नाही. आज चौथा दिवस."

मुकादमानं नकाशावरून मान वर केली. डबा क्रेनवाल्याचा होता. रोज दुपारी कँटीनच्या मावशी तो दोरीला बांधत, क्रेनवाला वर ओढून घेई आणि तासाभरानं रिकामा खाली सोडी.

"पोट बिघडलं असेल."

"चार दिवस? तुम्ही विचारलंत का त्याला?"

विचारलं नव्हतं. उलट गेल्या महिन्यात सगळ्यांना मैदानात उभं करून मुकादमानं सांगितलं होतं की, आमच्या पाखराकडून शिका. सकाळी चढतं ते संध्याकाळीच उतरतं, जेवायलासुद्धा खाली येत नाही. टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. 'पाखरू' हे नावही त्यानंच ठेवलेलं.

त्यानं हेल्मेट चढवलं. वॉकीटॉकीवरून बोलावता आलं असतं, पण त्यावरचं सगळी साइट ऐकते.

"तुम्ही चढणार?" मावशी म्हणाल्या. "गुडघ्यांना विचारलंत का?"

वर क्रेनच्या केबिनमध्ये एकच खुर्ची होती. मुकादम धापा टाकत दारातच उकिडवा बसला, दोन्ही हातांनी चौकट धरून. क्रेनवाल्याला त्याचं नवल वाटलेलं दिसलं नाही.

"काही चुकलं का माझं?"

"डबा परत आला."

"मावशींना वाईट वाटलं असेल."

"घरी काही झालंय?"

"नाही. घरी सगळे बरे आहेत." त्यानं काचेवरची धूळ अंगठ्यानं पुसली. "काही झालेलंच नाही. झालं असतं तर सांगितलं असतं."

तीस वर्षं मुकादमानं माणसांकडून काम करून घेतलं होतं. 'काय रे, बरं आहे ना?' एवढंच त्याला येई, आणि त्याचं उत्तर ऐकायला तो कधी थांबला नव्हता.

"जेवायला तरी खाली येत जा. चार माणसांत बसशील."

"कसा येऊ? तुम्ही टाळ्या वाजवल्यात." आवाजात तक्रार नव्हती. "खाली यायला नको वाटायचं ते आधीपासूनच. तुम्ही बोललात आणि तोच माझा गुण ठरला. मग कुणी विचारायचं राहिलंच नाही."

वाऱ्यानं केबिन हलली. चौकटीवरची मुकादमाची बोटं पांढरी पडली.

"भीती वाटते तुम्हाला?"

"मरणाची."

"मलाही वाटायची." क्रेनवाला खाली बघत होता. "दोन महिने झाले, वाटतच नाही. कधीकधी दार उघडं ठेवून बसतो."

मुकादमानं चौकटीवरचा एक हात सोडवला. मग त्यानं वॉकीटॉकी तोंडाशी नेला.

"क्रेन बंद. माल आहे तिथेच राहू द्या."

खालून कुणीतरी कारण विचारलं.

"मी सांगतोय म्हणून."

"आणि उद्या?" क्रेनवाल्यानं विचारलं.

"उद्या तू चढायचं नाहीस. डॉक्टरकडे जाऊ. मी येतो बरोबर."

"म्हणजे क्रेन काढून घेतलीत."

खोटं बोलणं सोपं होतं.

"हो," मुकादम म्हणाला. "परत कधी मिळेल ते मला माहीत नाही. वरच्यांशी भांडेन, एवढं माझ्या हातात आहे."

क्रेनवाल्यानं मान हलवली. ती हो होती की नाही, ते कळलं नाही. पण तो उठला.

"तू पुढे हो," मुकादम म्हणाला. "मला खाली बघवत नाही. पाय कुठे टाकायचा ते सांगत राहा."

शिडीवर खालून आवाज येत राहिला. "डावा. अजून खाली. हां, आता उजवा." निम्म्यावर आल्यावर तो थांबला.

मुकादमानं धीर करून वाकून बघितलं. टेकायला ठेवलेल्या लोखंडी जाळीवर क्रेनवाला उभा होता, दोन्ही हातांनी दांडा कवटाळून. जमिनीवर माणसं माना वर करून जमली होती.

"काय झालं रे?"

"आता वाटतेय भीती."

"पडायची?"

"पोचायची."

मुकादम चाचपडत उरलेल्या पायऱ्या उतरला आणि त्याच्या शेजारी उभा राहिला. जागा एकाच माणसाची होती. खांद्याला खांदा घासत होता.

"मग थांबू थोडं," तो म्हणाला.

वॉकीटॉकी खरखरला. किती वेळ लागेल, असं कुणीतरी विचारत होतं. मुकादमानं बटण फिरवून तो बंद केला.