पेटीतली सात परकी नाणी

दुकानांत ठेवलेल्या धर्मादाय दवाखान्याच्या पेट्यांतली चिल्लर निवडायचं काम अकरा वर्षं मोठ्याबाईंकडे होतं. नाणं अंगठ्याखालून सरकलं की कुठल्या ढिगात टाकायचं ते बोटांनाच कळायचं. नजर दारावर आणि तोंड शेजारी थैल्या शिवणाऱ्या सुनेवर. बँकेतून आजवर एक थैली परत आली नाही, हे त्या भेटेल त्याला ऐकवत.

मंगळवारी आली.

"सात नाणी परदेशी निघाली," हिशेबनीस म्हणाला. "वरचे म्हणतायत, आता मशीन घेऊ."

"घ्या की! तेही तुमच्यासारखंच घुम्यासारखं बसेल. जोडी जमेल."

तो गेला तशी मोठ्याबाईंचा चेहरा उतरला. सुनेने नाणी उचलून पाहिली. एकावर दाढीवाला, एकावर जहाज, बाकीच्यांवर पक्षी.

"आई, हे तर लांबूनही दिसतं. तुम्ही बघत नाही?"

"बघून काय करू? आकडे कुठे वाचता येतात मला?"

बोलून गेल्या आणि ओठ घट्ट मिटून बसल्या. एवढ्या वर्षांत हे कुणाला सांगितलं नव्हतं. सुनेने जहाजाचं नाणं त्यांच्यापुढे सरकवलं.

"जहाज दिसत नाही, पण मी धुतलेल्या कपावरचा डाग बरा दिसतो!"

"डाग केवढा असतो तुझा!" म्हणत मोठ्याबाईंना हसू फुटलं.

दुपारभर सून एकेक नाणं हातात देत राहिली आणि त्या डोळे मिटून चाचपत राहिल्या. दाढीवाल्याची कड गुळगुळीत. जहाज अंमळ जड. पक्षी नेहमीच्या नाण्यांहून पातळ, पण नखभरच.

बुधवारी त्यांनी हिशेबनिसाला हाक मारली. "ती सातही या घमेल्यातल्या चिल्लरीत कालवा. आणि मग मशीनचं बोला."

नाणी खळखळू लागली. जहाज बाजूला पडलं, दाढीवाला पडला, चार पक्षी पडले. घमेलं तळाला आलं तरी सातवं निघेना. हिशेबनीस घसा खाकरणार, तोच सुनेने मोठ्या ढिगातून पाचवा पक्षी उचलला.

"हे राहिलं, आई."

"राहिलं कसलं? तुझ्यासाठी ठेवलं होतं. नुसती बसून असतेस."

हिशेबनिसाने हसू दाबलं. "बरं, मशीन नको म्हणून कळवतो. दोघी मिळून बघा."

"नुसतं कळवू नका," मोठ्याबाई पुढची पेटी ओतत म्हणाल्या, "हिच्यासाठी पाठ टेकायची खुर्ची पाठवा. स्टुलावर बसून हिची कंबर धरते, आणि मग बोलणी मी खाते."