मागे फिरणारं बदक

"बाबा, ते बघा! परत निघालं!" लेक जवळजवळ ओरडलीच.

मास्तरांनी शिलाई मशीनचं चाक हातानं थांबवलं. कात्रीशेजारी ठेवलेल्या छोट्या गेमच्या पडद्यावर लाल बुटांतलं बदक, बटणाला कुणाचा हातही लागलेला नसताना, मागच्या दिशेनं दुडुदुडु चाललं होतं.

"तुझ्या आईचंच काम ते," मास्तर म्हणाले. "काहीतरी मागे राहिलं असेल."

लेक मशीनपासून एक पाऊल मागे सरली. आईला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं, आणि बाबा हे बाही जोडावी इतक्या सहज बोलले होते.

डायलिसिसच्या खुर्चीत आईच्या उजव्या हातात सुया असायच्या आणि तो हात हलवायची सक्त मनाई होती. म्हणून एका हातानं खेळता येईल असा हा खेळ लेकीनंच शोधून आणला होता. मास्तरांनी त्याला मागून कापडी पट्टा शिवून दिला. खेळ मोठा गुणी होता. घाई नाही, मारामारी नाही, पाठीमागे हळू आवाजात गाणं. बदक दरीत पडलं तरी एक ढग येऊन त्याला अलगद काठावर आणून ठेवायचा. मास्तरीणबाई आधी खूश झाल्या, मग खेळाला नावं ठेवू लागल्या.

"अहो, उडी मार म्हटलं की हे आधी विचार करत बसतं. डोंगर तर सगळे एकाच मापानं बेतलेले. आणि कितीही पडा, मरूच देत नाही मेलं!"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. मास्तर उगाच खिडकीबाहेर बघत राहिले.

तरी खेळ काही सुटला नाही. वाटेतलं एखादं फळ उचलायचं राहिलं की बाई बदकाला मागे फिरवायच्या. एरवीही त्या रस्त्याच्या टोकापर्यंत गेल्यावर दाराची कडी बघायला परत यायच्या. स्वभावाला औषध नसतं. मागे जाऊन जाऊन डावं बटण करकरायला लागलं, तेव्हा शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ कपाळाला आठ्या घालू लागले. करकरीवर मास्तरांना एकच इलाज ठाऊक होता. त्यांनी मशीनच्या तेलाचा थेंब बटणाच्या फटीत सोडला.

"उघडून बघू का मी?" मागे चाललेल्या बदकाकडे बघत लेकीनं आता विचारलं.

नको, असं मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण लेकीला वाटलं असतं, म्हातारा भ्रमला. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात दिला.

"बाबा, ह्यात तेल कुणी घातलं? दोऱ्याची लव चिकटून नुसता चिखल झालाय. बटण आत अडकून बसतं, म्हणून ते आपोआप चालतं."

"मीच घातलं."

लेकीनं सगळं पुसून काढलं. बदक जागच्या जागी उभं राहिलं. तिला हायसं वाटलं. भूत नव्हतं आणि बाबाही ठीक होते. चहा टाकते म्हणून ती आत गेली.

मास्तर पडद्याकडे बघत राहिले. बदक थोडा वेळ उभं राहिलं, मग खाली बसलं आणि त्यानं जांभई दिली. खुर्चीत बाईंना डुलकी लागली की ते असंच बसायचं. मास्तरांनी बराच वेळ वाट पाहिली. ते मागे वळलं नाही. आजवर घरात कुणीतरी वावरत होतं आणि आत्ता ते उठून गेलं, असं त्यांना वाटलं. आपल्याच हातचं तेल होतं, हे कळूनही वाटायचं ते थांबेना.

आत कपांचा आवाज झाला. मास्तरांनी तेलाची कुपी उचलली आणि बटणाच्या फटीत एक थेंब सोडला. मशीनच्या सुईखालची थोडी लव चिमटीत घेऊन तिथेच दाबून बसवली. तेल मुरायला वेळ लागतो. त्यांनी पट्टा सारखा केला, खेळ कात्रीशेजारी ठेवला आणि अर्धी राहिलेली बाही शिवायला घेतली.