खोक्यातला केक

सासूबाईंनी टोमणे मारायचं बंद केलं, तेव्हा सून खरी घाबरली.

जेवण त्याआधीच सुटलं होतं. पण तापानंतर तोंडाची चव जाते आणि हळूहळू परत येते, असं येणारा-जाणारा सांगत होता, आणि तिनेही ते मानून घेतलं होतं. टोमण्यांचं तसं नव्हतं. ती लग्न होऊन या घरात आल्यापासून एक दिवस असा गेला नव्हता की तिच्या नावावर काही जमा झालं नाही. चहा पातळ, पडदा तिरका, हसणं मोठं, पावलं जड. सूनही काही गरीब गाय नव्हती. पार्सल कचेरीच्या काउंटरवर बसून दिवसभर लोकांशी हुज्जत घालणारी बाई ती. दोघींचा व्यवहार रोखीचा, उधारी कुणी ठेवत नसे. आता एका बाजूने व्यवहारच थांबला होता. सून एक दिवस मुद्दाम पातळ चहा घेऊन गेली, तर म्हातारी नुसतं "ठेव" म्हणाली आणि तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

सगळी गल्ली सासूबाईंना मालकीणबाई म्हणायची. कोपऱ्यावरची बेकरी नवऱ्यामागे त्यांनीच चालवली होती. गुडघे गेले, कारागीर पांगले, आणि शेवटी शटर खाली आलं. तरी भट्टी जागेवर होती, आणि भट्टी आहे तोवर बेकरी बंद नाही, सुट्टीवर आहे, अशी बाईंची समजूत. ताप येऊन त्या आडव्या झाल्या तेव्हा मुलाने भट्टी मोडीत काढली. जागा भाड्याने द्यायची तर ते करावंच लागणार होतं, मग आई उठायच्या आत उरकलेलं बरं, असा त्याचा हिशेब. हिशेबात तशी चूक नव्हती. फक्त घणाचे घाव खिडकीतून थेट आईच्या खाटेपर्यंत ऐकू जातात, एवढं धरायचं राहून गेलं. त्या दिवसापासून बाईंनी ताट परत पाठवायला सुरुवात केली, आणि त्या दिवसापासून मुलगा आईच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन माघारी फिरू लागला.

सकाळी डॉक्टर येऊन गेले. दारात चप्पल घालता घालता म्हणाले, "घसा ठीक, गिळणं ठीक. रिपोर्ट तर माझ्यापेक्षा बरे आहेत. बाई खात नाहीत कारण त्यांना खायचं नाही. पण शरीर असं किती दिवस ऐकणार? उद्या सकाळी मी येतो. तोवर तोंडाने काही गेलं नाही, तर हॉस्पिटलात हलवावं लागेल. नाकातून नळी."

डॉक्टरांना कमी ऐकणाऱ्या पेशंटांची सवय, त्यामुळे त्यांची कुजबुजही तीन घरांना पुरायची. सून आत गेली तेव्हा सासूबाईंनी चादर नाकापर्यंत ओढून घेतली होती आणि कडा दोन्ही मुठींत घट्ट धरली होती. आजवर कुणाला न घाबरलेली बाई. ते बघून सुनेने फोन उचलला. तिने कचेरीत रजा कळवली.

सूप झालं, मऊ भात झाला, दूध झालं, केळं कुस्करून झालं. सगळं गेलं तसं परत आलं. दुपारी ती दूध आणायला म्हणून समोरच्या किराणा दुकानात गेली आणि फळीवरच्या खोक्यासमोर थबकली. केक मिक्सचं खोकं. वर केकचं चित्र, आणि कोणालाही जमेल असं आश्वासन. मालकीणबाईंचा या खोक्यांवर भारी राग. यांनीच आमचं गिऱ्हाईक खाल्लं, असं त्या म्हणायच्या. पण त्या घरात केकचा वास सुटून किती दिवस झाले, हेही सुनेच्या मनात आलं. वासाने तरी बाई मान वळवतील. फळीवरच्या खोक्यांत जे सगळ्यात स्वस्त होतं ते तिने उचललं, टुटीफ्रुटीची पुडी घेतली, मनुका घेतल्या, संत्र्याच्या रसाचं एक पाकीट घेतलं.

"वहिनी," दुकानदार म्हणाला, "मालकीणबाईंच्या घरात हे खोकं?"

"पिशवीत घाला आधी. गल्लीला दाखवत बसू नका."

"बाई कशा आहेत?"

"अहो, पिशवी," ती म्हणाली. उत्तर द्यायला गेली असती तर दुकानातच रडली असती.

घरी ओव्हन होता. नणंदेने कधीतरी भेट दिलेला, आणि त्यात आजवर फक्त रिकामे डबे ठेवलेले. बेकरीवाल्यांच्या घरात घरी केक कोण करतं? आणि सुनेला केक येण्याचा प्रश्नच नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी तिला भट्टीच्या खोलीच्या दारातूनच परत फिरवलं होतं. "तू तुझी कचेरी सांभाळ, इथे माणसं आहेत." तीही हट्टी. त्यानंतर तिने त्या दारातून कधी आत बघितलं नाही. बेकरीचं तिला जे ठाऊक होतं ते गल्ल्याच्या बाजूचं.

तिने खोक्याची मागची बाजू दोनदा वाचली. अंडी, तेल, पाणी. फळांबद्दल अवाक्षर नाही. नुसतं पाणी घालणं तिला कंजूषपणाचं वाटलं, म्हणून पाण्याऐवजी रस घेतला. मनुका आणि टुटीफ्रुटी गरम रसात टाकून ठेवली. ती फुगून टरारली तेव्हा तिला आपलाच अभिमान वाटला. अंडी फोडताना टरफल आत पडलं, ते काढता काढता घाम फुटला. मधेच ती भांडं ओट्यावर टाकून खोलीच्या दाराशी जायची, चादर वरखाली होतेय ना ते बघायची, आणि परत यायची. दर वेळी एका क्षणापुरती चादर हलतच नाही असं वाटायचं.

नवरा लवकर घरी आला होता. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तो तिच्या हाताकडे बघत होता.

"आत जाऊन बसा ना जरा त्यांच्याजवळ."

"झोपली असेल."

"जाग्या आहेत त्या. डोळे उघडे आहेत."

"मग तर नकोच," तो म्हणाला.

तिने फुगलेली फळं रसासकट पिठात ओतली. नवऱ्याचं तोंड किंचित उघडलं, मिटलं. तिने भांडं ओव्हनमध्ये सरकवलं, आणि मग दोघंही त्या काचेसमोर, डॉक्टरच्या खोलीबाहेर बसावं तशी बसली. ओव्हनचा दिवा गेलेला. ती सारखी बॅटरी मारून बघायची. पीठ फुगायला लागलं तसा वास सुटला, आधी व्हॅनिलाचा, मग संत्र्याचा. तिने कान टवकारले. आतल्या खोलीतून खाटेचा आवाजही आला नाही.

सुरी खुपसली, ती कोरडी निघाली. वरून केक दिसायला झकास होता, सोनेरी, मधे हलकीशी चीर. तिने तो ताटलीत उलटवून पुन्हा सुलटा केला आणि गरमगरमच आत नेला.

"आई, बघा."

सासूबाईंनी मान वळवली. बघितलं. सुनेने ताटली जरा पुढे केली. आता येईल, एक बाजू उंच आहे, रंग फिका आहे, वास बाजारी आहे, काहीतरी येईलच.

"छान झालाय," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही खा." आणि पुन्हा भिंत.

सून स्वयंपाकघरात आली आणि तिने ताटली ओट्यावर ठेवली.

"काय म्हणाली?" नवऱ्याने विचारलं.

"छान म्हणाल्या."

"आई? तुला?"

"मला."

त्याचा चेहरा उतरला. "बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांना म्हणाली होती, तुम्ही पाव चांगला करायचात." थोडं थांबून म्हणाला, "गाडी आताच सांगून ठेवू का? सकाळी धावपळ नको."

ती ओट्यावर सांडलेलं पीठ पुसू लागली. तो फोन हातात घेऊन नुसता उभा राहिला. सकाळपासून दोघांच्याही पोटात काही नव्हतं. हाताला चाळा म्हणून त्याने सुरी उचलली आणि केकचा एक तुकडा कापला. तुकडा आडवा पडला. वर सगळा रिकामा स्पंज, आणि सगळ्या मनुका, सगळी टुटीफ्रुटी तळाशी, गाळ बसावा तशी.

"हे काय गं? फळं सगळी खाली."

"मग? वर पोहत बसणार होती?"

"पुसून कोरडी करून घ्यायची असतात, कोरड्या मैद्यात घोळवायची असतात. आमच्याकडे भांडी घासणाऱ्यालाही माहीत होतं हे."

"मग त्यालाच आणायचं होतं लग्न करून!" दिवसभर दाबून धरलेलं सगळं आता वर आलं. "मला त्या खोलीत पाऊल टाकू दिलं का कधी कुणी? आणि तुम्ही बसला होतात ना इथे स्टुलावर? मी ओतलं तेव्हा बघत होतात ना? तेव्हा जीभ कुठे होती?"

"मला वाटलं, तू करतेयस तर…"

"बोलायचं तेव्हा बोलायचं नाही, हीच तुमची रीत. भट्टी फोडायच्या आधी त्यांना एका शब्दाने विचारलंत? आजारी माणसाच्या उशाशी घण घातलात तुम्ही!"

हे ती आजवर बोलली नव्हती. बोलली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. नवऱ्याने सुरी खाली ठेवली. 

तेवढ्यात आतून आवाज आला. बारीक, घासलेला.

"बुडाली का फळं?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"आण इकडे."

सून तुकडा ताटलीत घेऊन आत गेली. सासूबाई कोपरावर रेलून उठायच्या खटपटीत होत्या. तिने पाठीशी उशा लावल्या. बाईंनी तुकडा हातात घेतला, खिडकीकडे धरला, आडवा केला, उभा केला, अंगठ्याने स्पंज दाबून तो परत वर येतो का ते पाहिलं. हात कामावर असल्यासारखा फिरत होता. मग त्यांनी तोंड उघडलं. सून मालकीणबाईंच्या त्या तोंडाला पुरती ओळखून होती. आता बोलणार, बोलून मोकळ्या होणार, आणि पुन्हा भिंतीकडे वळणार.

"थांबा आई," ती म्हणाली. "आधी खायचं, मग बोलायचं."

बेकरीत बाईंचा तो कायदाच होता. कुणी पाव परत घेऊन आलं, आंबट आहे म्हणालं, की बाई गल्ल्यावरून म्हणायच्या, माझ्यासमोर खा आणि मग बोल. न खाता काढलेली खोड त्यांनी कुणाची ऐकून घेतली नाही.

सासूबाईंचे डोळे बारीक झाले. "मला शिकवतेस?"

"मी काय शिकवणार? मी आपली खोक्यातला केक करणारी."

"खोक्यातला?"

"खोक्यातला. फळीवर सगळ्यात स्वस्त होता तो."

सासूबाईंनी तुकडा ताटलीत खाली ठेवला. सुनेला वाटलं, जास्त झालं. आजारी माणूस आहे, असं डिवचायचं नव्हतं. आता ताटली बाजूला सरेल आणि उद्या सकाळी नळी येईल, आणि ही शेवटची गोष्ट आपण त्यांना बोललो असू. 

सासूबाईंनी तुकड्याचं टोक मोडलं आणि तोंडात टाकलं.

त्या चावत राहिल्या. फार वेळ. सून त्यांच्या गळ्याकडे बघत होती. गळा हलला. मग ठसका लागला, आणि सून पुढे झाली. नवरा, जो दारापलीकडे येत नव्हता, तो धावत खाटेपर्यंत आला. बाईंनी हाताने दोघांनाही थोपवलं.

"पाणी."

त्याने पाणी दिलं. त्यांनी अर्धा पेला संपवला. मुलगा जवळ आलाच आहे हे बघून त्यांनी त्याच्याकडे न पाहताच विचारलं, "भट्टीचं दार अख्खं निघालं का?"

"हो," तो म्हणाला. "दाराला धक्का नाही लागला. ते मी भंगारात दिलं नाही. मागच्या खोलीत ठेवलंय."

"गंजेल तिथे."

"तेल लावतो."

"हं," बाई म्हणाल्या, आणि दुसरा घास मोडला.

तो तिथेच खाटेच्या पायथ्याशी बसला. त्याला उठ कुणी म्हणालं नाही.

अख्खा तुकडा संपायला संध्याकाळ झाली. मधे एकदा त्या डोळे मिटून स्वस्थ पडल्या, तेव्हा सुनेला वाटलं संपलं सगळं, पण त्या फक्त दम खात होत्या. तळाची फळं त्यांनी शेवटाला ठेवली, एकेक करून उचलली. मग ताटली सुनेच्या हातात दिली, तोंड पुसलं, आणि सुरू झाल्या. आवाज खोल गेलेला, पण यादी पाठ असल्यासारखी.

"रस घातलास ना पाण्याच्या जागी? म्हणून इतका चिकट. फेटताना हात दुखला वाटतं, गुठळ्या आहेत. फळं म्हणजे विहिरीत ढकलून दिल्यासारखी. आणि टरफल लागलं मला एक. गिऱ्हाईकाला लागलं असतं तर?"

"गिऱ्हाईक नाहीये, आई."

"मी कोण मग?"

सुनेचे डोळे भरून आले. तिने ते ताटलीवर खाली वळवले, कारण रडणारी सून ही सासूबाईंच्या यादीत जुनीच नोंद होती. नवरा फोन घेऊन बाहेर गेला. डॉक्टरांशी बोलताना त्याचा आवाज आत येत होता. "हो, तोंडाने. एक तुकडा. हो, बोलतेय. नाही, मला नाही, हिला बोलतेय."

सून स्वयंपाकघरात येऊन दुसरा तुकडा कापू लागली. खातील की नाही, ठाऊक नव्हतं. एका तुकड्याने काय होतं, रात्र काढायची होती, सकाळ काढायची होती. डॉक्टर काय म्हणतील कुणास ठाऊक. तरी तिने तुकडा जरा मोठाच कापला. केक काढताना तळ भांड्याला धरला होता, खालचा पापुद्रा तिथेच राहिलेला तिला आता दिसला.

"तळाला कागद घातला होतास का?" आतून विचारणा झाली.

"नाही!" ती मोठ्याने म्हणाली, आणि ताटली हातात घेऊन, पुढे काय येतंय ते ऐकायला दाराशी उभी राहिली.