चिनी म्हाताऱ्याचा कौल

माझे सासरे सिताराममामा बिरोबाचे पुजारी हायत अन् लबाडबी हायत. दोन्ही कामं एकाच हातानं करतेत. कुणाला देवाचं उत्तर पाहिजे असलं की बिरोबाच्या दगडाला उजवीकडं एक अन् डावीकडं एक झेंडूची पाकळी पाण्यानं चिकटवायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर न्हाई. जी पडू द्यायची न्हाई, तिला मामा अंगठ्यानं चांगलं चेपतेत. हे आमच्या वाडीतल्या शेळीलाबी ठाऊक हाय, पण देवाफुडं बोलायचं कुणी?

मला रायभानसंगं पाट लावायचा होता. माझा नवरा मल्हारी साप चावून गेला, त्याला चार पावसाळे झाले. आमच्या धनगरांत रांडमुंड बाईला दुसरं घर करायची मुभा हाय. फक्त अंधारात, बिनवाजंत्रीचं, चोरी केल्यागत. त्यालाबी सासऱ्याचा होकार लागतो, अन् सासऱ्यानं बोट दाखवलं बिरोबाकडं. दोनदा कौल लावला, दोनदा डावी पाकळी पडली.

रायभान मेंढरंवाला, त्याचीबी बायको वारलेली, दिसायला यथातथाच. पण भेटला की आधी ‘जेवलीस का’ म्हणायचा. असा दुसरा बाप्या परभणी जिल्ह्यात दावा, मी कान कापून देते. मामा म्हणायचे, देवच न्हाई म्हणायलाय तर मी काय करू. मी मनात म्हणायची, देव न्हाई, तुमचा अंगठा म्हणायलाय. फुकटात मेंढरं राखणारी हातची जाईल, म्हणून म्हातारं अडून बसलंय, असंच मला वाटायचं.

अशात बन्सीधरदाजी आले. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे मालक, पूर्णा जंक्शनला रेल्वेत खलाशी. विद्यापीठाच्या नामांतराच्या भांडणावरनं एसट्या बंद होत्या, म्हणून सायकल मारीत आले. त्यांच्या पिशवीत पत्त्यांचा एक जोड होता. कुठली तरी भजी खाऊन पोट बिघडलेली एक गोरी बाई बरी हुईस्तवर त्यांच्या घरी राहिली होती. जाताना जोड देऊन गेली अन् अर्थ शिकवून गेली. टॅरो म्हणतेत त्याला. गोरे लोक त्यात नशीब बघतेत, पण ह्या जोडावर चित्रं सगळी चीनच्या देवांची अन् शहाण्यांची.

दाजींनी घोंगडीवर पानं पसरली अन् सांगाया लागले. एका पानावर बुरजाएवढा खांब कोसळायलाय. का, तर चीनच्या एका देवाचं भांडणात डोकं फिरलं अन् त्यानं आभाळाच्या खांबाला आमच्या एडक्यागत टक्कर मारली. आभाळ फाटलं. मग एका देवीनं पाच रंगांचे दगड वितळवून त्याला ठिगळ लावलं. म्हटलं, म्हणजे तिथंबी बाप्यांनी मोडायचं अन् बायांनी सांधायचं. दुसऱ्या पानावर चांद. त्यावर एक बाई बसलेली, संगं ससा. नवऱ्याची अमर व्हायची दवा एकटीनं पिऊन उडून गेली म्हणे. मामा नाक मुरडून म्हणले, असली बाई घरात नको. अन् माझ्याकडं बघितलं.

तवाच मला सुचलं. म्हटलं, मामा, हे देव काही तुमच्या वळखीचे न्हाईत. ह्यांचा कौल घ्या, जो पडंल तो मी मानते, परत तोंड उघडणार न्हाई. मामा राजी झाले. दाजी म्हणले, पानं मांडून वाचायची असतेत. मामा म्हणले, पत्ते मांडतेत जुगारी. देवाचं उत्तर दगडावरनंच पडलं पाहिजे.

झालं. उजवीकडं उडून जाणारी चांदाची बाई, म्हणजे हो. डावीकडं मरणाचं पान, म्हणजे न्हाई. मामांनी पाणी लावलं, चांदाचं पान चेपून चेपून बसवलं. पण ती पानं गुळगुळीत परदेशी. हात काढताच दोन्ही खाली. मामांनी थुकी लावली, तरी खाली. मग भंडारा कालवून लावला. बिरोबाचं तोंड पिवळं झालं अन् दोन्ही पानं संगंच पडली. चांदाची बाई लेंड्यांत पालथी, मरण मात्र उताणं.

मामा खूश. म्हणले, मरण दिसलं, न्हाईच झालं. जबान दिली होती मी.

दाजी खाली बसले. पान हातात घेऊन म्हणले, मामा, चित्र तर बघा. चित्रात एक म्हातारा मांडी घालून मडकं वाजवायलाय अन् गायलाय. बाजूला त्याची बायको मरून पडलेली. चीनमधला लय शहाणा माणूस होता म्हणे. लोक म्हणले, लाज न्हाई का वाटत? तो म्हणला, आधी मीबी रडलो की. मग कळलं, पावसाळा सरून हिवाळा येतो तशीच ती गेली. जन्माच्या आधी जिथं होती तिथं जाऊन निजली. किती दिवस हाका मारून उठवू तिला?

मामांनी पान हातात घेऊन निरखलं. मग मान खालीच ठेवून इचारलं, “मडकंच होतं का? ढोल न्हाई?”

“मडकं,” दाजी म्हणले.

“मडक्याला काय आवाज असतो,” मामा म्हणले अन् उठले.

घरात आढ्याला मल्हारीचा ढोल टांगलेला होता. तो गेल्यापासनं कुणी हात लावला नव्हता. मामांनी तो खाली काढला, धूळ पुसली, जाळापुढं धरून कातडं तापवलं. पहिली थाप चुकली, दुसरीबी चुकली. तिसरीला मल्हारीचा ठेका आला, अन् म्हातारं वाजवता वाजवता हंबरडा फोडून रडलं. मी तर चार वर्षं रांडमुंड असून इतकी रडले नव्हते. तवा मला उमगलं. ते मेंढरांसाठी अडले नव्हते. मी उंबऱ्याबाहेर गेले की त्यांचा लेक खरंच मेला असता.

ढोल थांबला. मामा माझ्याकडं न बघता म्हणले, “कासे, जा तू. पण अंधारात न्हाई. उजेडात पाट लाव, ढोल मी वाजवतो.”

पाटाच्या दिवशी भावकीतल्या कमलबाईनं नाक मुरडलं, पाटाला कुठं वाजंत्री असती का म्हणली. मामांनी इतक्या जोरात वाजवलं की तिचं बोलणंच ऐकू येईना. रायभाननं सगळ्यांदेखत मला इचारलं, जेवलीस का. मी म्हटलं, आधी मामांना वाढा.